कच्चा का जळका

डिसेंबरात घाटावर पाणी हाताला चावतं,
म्हणून वसतिगृहाला बॉयलर मिळाला,
डिझेलवरचा, करडा, बसलेल्या बैलाएवढा.
स्वयंपाकघरालगतची धान्याची खोली त्याला दिली
आणि तांदळाची पोती माझ्या ऑफिसात आली.

पहिला आठवडा सगळ्या पोरी न्हाल्या.
दुसऱ्या आठवड्यात दारात रांग:
मॅडम, वरणाले वास येते.
वेणीले येते. पांघरुणाले येते.
भूगोलाच्या वहीले येते.

मी वरण खाऊन पाहिलं.
गरम होतं.

हे कुणाला सांगितलेलं नाही:
त्या तापानंतर माझं नाक
चष्मा टेकवण्यापुरतं उरलंय.
फोडणी मला नुसती ऐकू येते.
काही करपलं, तर
समोरच्याच्या तोंडावरून कळतं.

गयाबाईंनी कापूर पेटवला, डिझेलच्या खोलीत!
मी धावत जाऊन विझवला.
मन्सारामने आरागिरणीतून भुसा आणला,
पसरला, झाडला, पुन्हा पसरला,
वर चुना, वर सोड्याचं पाणी.
पोरी नाकाला ओढणी लावून जेवल्या.

कार्यालयाला पत्र धाडलं. उत्तर आलं:
वासाचे स्वरूप व तीव्रता कळवावी.
रात्री पेन घेऊन बसले.
तीव्र लिहिलं, खोडलं.
असह्य लिहिलं.
दोन्ही शब्द उसने.

परतवाड्याहून इरफान मिस्त्री आला,
फटफटीवर, पान्यांचं पोतं मागे बांधून.
यंत्राकडे पाहिलंच नाही आधी. मला विचारलं,
"मॅडम, कच्चा येते का जळका?"
म्हणजे?
"कच्चा असन तं तेल गळून राह्यलं.
जळका असन तं धूर वापस येऊन राह्यला.
तुमाले कोणता वाटते?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.
कुंपणावर एक वानर, शेपूट लोंबती सोडून,
तेही उत्तराची वाट पाहत असल्यासारखं.

पोरींना बोलावलं. तीस जणींची तीस मतं.
गलका ओसरला तेव्हा
सहावीतली सुगरती जांबेकर,
जी हजेरीलाही नुसता हात वर करते,
फरशीकडे बघत म्हणाली,
"दोन हायेत."

"कच्चा पहाटे येते, मशीन चालू व्हायच्या पहिले.
तो खाली राह्यते, पायापाशी.
जळका धुकं असलं का येते,
वरतून उतरते."

तुला कसं ग एवढं माहीत?
"माही गादी त्या भितीले लागून हाये."

एक महिना.
तक्रारवहीत तिची सही नव्हती.

मिस्त्री पालथा झोपला, पाइपाखालून बोट फिरवलं,
बोट ओलं.
एक तांब्याची वायसर, नथीएवढी,
कधीची फाटलेली.
धुराड्याला तीन फूट नळी जोडली, वर टोपी.
तेल प्यालेल्या चार फरश्या उखडल्या,
खालची माती पाटीत भरून लांब टाकली.
"फरशी विसरत नाही मॅडम," तो म्हणाला,
आणि बिलात वायसरचे पैसे लावले नाहीत.

सुगरतीची गादी मी खिडकीकडे हलवली.
आता रोज सकाळी रजिस्टर उघडून
तिला हाक मारते: कच्चा का जळका?
ती दारात उभी राहते, मान किंचित वर,
डोळे मिटून. "नाही."
मी लिहिते: वास नाही. खाली माझी सही.

परवा ती बराच वेळ बोललीच नाही.
माझ्या पोटात गोळा. कोणता?
कच्चा?

"मॅडम," ती हळूच म्हणाली,
बाकीच्या पोरींना ऐकू जाणार नाही इतकं हळू,
"तुमचं दूध लागलं."

मी पळाले.
पातेलं काळं झालं होतं.
मागे वळून पाहिलं तर ती तिथेच,
रजिस्टर उलटू नये म्हणून
पानावर हात ठेवून उभी.