सारखा

रविवारी साडेआठलाच पत्रा तापायला लागतो.
उपासना सुटेपर्यंत मुलं माझ्या ताब्यात,
एकोणीस मुलं, अर्धा खडू.

मी फळ्यावर लिहिलं: सारखा.
म्हटलं, हा एक पूल आहे.
या टोकाला देव,
त्या टोकाला तुमच्या ओळखीची कुठलीही वस्तू.
चला, पलीकडे जाऊन या.

देव कंबर तलावासारखा, सलोमी म्हणाली,
पण भरपूर कमळं होती तेव्हाचा.
देव भोंग्यासारखा, म्हणाला शांतवन,
गिरणी कधीची बंद पडली
तरी त्याच्या आजोबांना पहाटे ऐकू येतो.
देव शेंगाचटणीसारखा.
हा बेन्यामीन. सगळे हसले, मीही.
मग विचारलं, का रे?
म्हणाला, थोडीशी पुरते.

आता अवघड भाग.
मी डस्टर घेतलं, 'सारखा' पुसून टाकलं.
पूलच काढला. आता कसे जाल?
म्हटलं, प्रभूनं असंच केलं.
आपण दारासारखे आहोत, असं काही तो बोलला नाही.
सरळ दारच झाला.

मागच्या रांगेत अमोस.
कुमठा नाक्यापलीकडून चालत येतो, फारसा बोलत नाही.
बाई, आमच्या घराला दार नाय.
चादर हाय.
अप्पानं कारखान्यातनं आणलीय, शेकंड पीस.
मोराच्या मानेत दोरा चुकलाय.

या वेळी कोणी हसलं नाही.
मी दाराची तयारी करून आले होते:
कडी, कुलूप, बाहेर उभं राहून ठोठावणारा हात.
चादरीवर कसं ठोठावणार?

मग कोणी आलं तर कळतं कसं रे?
मोर हलतोय की.
वाऱ्यानं पण हलतो?
हलतोय. आई दोन्ही टायमाला उठून बघती.

पुसलेल्या शब्दाची पांढरट जागा फळ्यावर तशीच होती.
तिथेच लिहिलं, त्यानं म्हटलं तसं:
येशू चादर हाय.
'हाय'चं 'आहे' करावं का,
म्हणून खडू उचलला
आणि बाहेर शेवटचा आमेन झाला.
चपलांचे आवाज सुरू.

सलोमी घाईघाईनं वहीत उतरवत होती.
बाई, खाली मोर काढू?
काढ, म्हटलं.
मान बघ हं,
अमोसला विचारून चुकव.