अकरा दिवसांचा उशीर

पिका गावात, अटाकामाच्या काठावर,
लिंबांच्या बागा संपतात तिथे सात पायऱ्या उतरल्या
की एल्सिरा चोकेची खोली.
खडकाला चिकटून बसलेलं एक यंत्र
आणि एकतीस वर्षांचे कागद.

काम सांगायला सोपं.
रेघ सरळ चाललेली असते,
मग कुठेतरी दचकते.
दचकली नेमकं तिथे पेन्सिलीने उभी खूण.
आधी नाही. नंतर नाही.
जराशी चूक, आणि डोंगराखालचा भूकंप
कागदावर समुद्रात जाऊन पडतो.

एक लाख चाळीस हजार खुणा.
मोजल्या कुणी? तिने नाही.
सान्तियागोहून आलेल्या बास्तियान युत्रोनिचने,
ज्याने त्या सगळ्या मॉडेलला चारल्या
एका उन्हाळ्यात.

आता मॉडेल वाचतं.
तिला जिथे एक धक्का दिसला होता
तिथे त्याला तेवीस दिसतात,
गोंगाटात दडलेले, मुंगीच्या पावलांचे,
आणि ते सगळे मिळून एक भेग दाखवतात
जी कुठल्याच नकाशात नव्हती.
एल्सिरा पडद्यापाशी बराच वेळ उभी राहिली.
"ही इथे होती? एवढी वर्षं?"
हेवा नव्हता त्यात.
भिंतीपलीकडे कुणीतरी राहत होतं
हे घर सोडताना कळावं, तसा आवाज.

गावाचंही बदललं.
पूर्वी भांडी वाजली की फोन तिला यायचा.
रोसेन्दा पाववाली विचारायची, झाला का गं?
आणि एल्सिरा सांगायची, झाला, गेला, घाल पाव भट्टीत.
आता रोसेन्दाचा फोन बारा सेकंद आधीच ओरडतो
आणि बारा सेकंदांत नातवंडं अंगणात असतात.
हे खरं आहे आणि चांगलं आहे.
एल्सिराचा फोन दिवस दिवस वाजत नाही,
हेही खरं आहे.
त्याचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही.

मग मार्चमध्ये बास्तियान एक आलेख घेऊन आला,
जरा अवघडून.
मॉडेल कधी कधी उशीर करतं, अर्ध्या सेकंदाचा.
फक्त पहाटे. फक्त दक्षिणेकडून आलेल्या धक्क्यांना.
तो मुळापर्यंत गेला होता:
दोन हजार तीन, जुलै. दक्षिणेला धक्क्यांची झुंबड,
आणि अकरा दिवस प्रत्येक खूण उशिरा.
"घड्याळ बिघडलं होतं का? की बॅटरी?"

तिने लिंबू कापलं, मीठ लावलं,
अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.
"घड्याळ ठीक होतं."

बाहेर वाऱ्याने पत्रा हलवला
आणि यंत्राने तो नीट नोंदवला: गोंगाट.

त्या अकरा दिवसांत काय झालं
ते कुठल्या कागदावर नाही.
मॉडेलला फक्त उशीर ठाऊक,
मूल आईचं लंगडणं उचलतं तसा त्याने तो उचलला,
काय लागलंय हे न विचारता.
आणि आता पेरूत, इंडोनेशियात,
जिथे जिथे ते बसवलंय तिथे
पहाटे दक्षिणेकडून जमीन हलली
की एक यंत्र अर्धा सेकंद थबकतं,
पिकामधल्या एका बाईसारखं
जिला पेन्सिल उचलणं जड जात होतं.

"दुरुस्त करायचं ना?"
बास्तियान हे इतक्या हळू विचारतो
की तिला हसू येतं.
"म्हणजे काय! पोरं झोपलेली असतात तिकडे."

मग स्वतःच खुर्ची ओढते,
जुलैचा गठ्ठा सोडते, रबर शोधते.
पहिली खूण खोडते.
नवी मारते, केसभर डावीकडे.
हात कापत नाही.
दुसरी. तिसरी.
सहाव्या दिवसापाशी येते तेव्हा
खोलीत दिवा लावायचं राहूनच गेलंय
हे तिच्या लक्षात येतं.