खंडव्याचा कप्पा

सकाळी साडेसहाला, राजेंद्र नगरच्या मैदानावर,
मी ओला टॉवेल झटकतो.
वाळत घालायला नाही. दोरीच नाही इथे.
फक्त कैवल्य मुळ्ये, वय एकोणीस,
कान देऊन उभा:
"आवाज उशिरा आला पाहिजे, आजोबा.
हात संपल्यावर."

माझा आवाज लवकर येतो.
कधी येतच नाही,
टॉवेल पोटऱ्यांना गुंडाळतो
आणि बाकावरच्या शेवडेबाई
प्राणायाम अर्धा सोडून हसतात.

मैदानाच्या टोकाला पोरांनी
पालद्याच्या कारखान्यातून वेल्ड करून आणलेली
लोखंडी टोपली. भोवती साखळ्या.
तबकडी तिच्यात पडली पाहिजे, इतकंच.
गोल्फ म्हणतात याला. पण काठी नाही, चेंडू नाही,
साहेब नाही.

अठ्ठावीस वर्षं मी मोठ्या पोस्टात शिक्के मारले.
धप् शाईत, धप् तिकिटावर.
मनगटाला एकच दिशा ठाऊक: खाली.
आता हा पोरगा म्हणतो, आडवं.
छातीजवळून, टेबलाचा खण ओढावा तसं,
कोपर आधी, मग पुढचा हात,
मनगट सगळ्यांत शेवटी,
नवरदेवाच्या मावशीसारखं उशिरा,
आणि आल्यावर सगळा मांडव तिचाच.

मी ताकद लावतो.
तबकडी डुगडुगत वर चढते,
पोह्यांच्या गाडीवरून उडालेल्या कागदी बशीसारखी,
आणि डावीकडे वळून
सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यापाशी पडते.
"इंदूरकर ते इंदूरकरच," कैवल्य म्हणतो.

आठ दिवस त्याने मला पाऊल उचलू दिलं नाही.
कोपर बरगडीशी. पाच पावलांवर भिंत. नुसतं मनगट.
रोज पन्नास.
पकड म्हणे पासबुक धरल्यासारखी,
काउंटरवरचा माणूस ओढेपर्यंत सोडायचं नाही,
आवळायचंही नाही.
घरी मी पातेल्यांच्या झाकणांवर सराव केला.
एका झाकणाला पोचा आला. ते कपाटामागे आहे.

नवव्या दिवशी, मनगट शेकताना,
मांगीलाल वर्मा आठवले.
शेजारच्या टेबलावर, सॉर्टिंगला.
समोर बहात्तर कप्पे, तोंडात पान,
नजर खिडकीबाहेरच्या चिंचेवर,
आणि पत्रं सुटत जायची:
देवास. महू. देवास. सनावद. बडवाह.
खंडवा सगळ्यांत वर, उजव्या कोपऱ्यात,
तिथे तर पाकीट हवेत वळून जायचं.
मी एकदा करून पाहिलं.
तीन पत्रं फरशीवर, एक पंख्यात.
"फेंकनी नी है भिया," ते म्हणाले, "छोड़नी है."
मला वाटलं, थट्टा.
त्यांच्या तेराव्याला गेलो होतो मी.
पुरी-नुक्ती खाऊन आलो.
आणखी काय, ते कुणाला विचारायचं,
हे काही सुचलं नाही तेव्हा.

कैवल्यला यातलं काही सांगितलं नाही.
सकाळी टॉवेल वाजला. उशिरा,
कोरड्या फांदीसारखा. झोपलेलं कुत्रं उठून बसलं.
मग तबकडी.
हात निघाला, कोपर निघालं, मी चिंचेकडे पाहिलं
(चिंच नाही इथे, पाण्याची टाकी आहे)
आणि ती सुटली.
सपाट. आपल्या जागी गरगरत, तरी पुढे जात,
पत्ता वाचून निघाल्यासारखी,
टोपलीच्या दांड्यावर आपटून खाली पडली.
साखळ्या नुसत्या हलल्या.

"आत नाही गेली," मी म्हटलं.
"पण फिरली," कैवल्य म्हणाला,
आणि फोन खिशात टाकून
पहिल्यांदाच ती आणायला स्वतः गेला.

रात्री, दिवा घालवल्यावर,
चादरीबाहेर माझा हात हलतो आहे.
"डास?" कुमुद विचारते.
"खंडवा," मी म्हणतो.
ती कूस बदलते.
अजून बडवाह राहिलं आहे.