तीन तारे

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत इंटरनेट गेलं
की मला फोन येतो.
आज खाऱ्या हवेनं पोर्ट हिरवं केलेलं,
शाळेतल्या खोडरबरानं टोकं घासली,
केबल परत खटकन बसवली
आणि काळ्या खिडकीत टप्पे मोजायला लागले.

हौसाबाई पावसे बर्फाच्या स्लिपा घ्यायला आलेली.
"काय गो, ह्या ओळी कसल्या उठतायत?"

म्हटलं, पाकीट सोडलंय, कुठवर जातं ते बघतेय.
पहिली ओळ हा भिंतीवरचा डबा.
दुसरी दापोली. तिसरी खेड.
चौथीत नुसते तीन तारे.

"बुडलं?"

नाही. चौथा उत्तर देत नाही, एवढंच.
पाचवी बघ, मुंबई.
म्हणजे गेलं ते त्याच्याच हातून.

मग मी उगाच सांगत बसले
की पाकिटावर एक आकडा असतो,
आमच्यात त्याला आयुष्य म्हणतात,
टप्प्यागणिक एकानं उतरतो.
शून्य झालं की ज्याच्या दारात असेल
त्यानं ते टाकून द्यायचं,
नाहीतर वाट चुकलेली पाकिटं
कायमची गरगरत राहतील.

"टाकायचं आणि गप बसायचं?"

छे. मागं चिठ्ठी धाडायची:
तुमचं पाकीट माझ्यापर्यंत आलं होतं,
इथं संपलं.
त्या चिठ्ठ्यांचीच तर ही यादी.

बाहेर बर्फाच्या टेम्पोनं दोनदा हॉर्न दिला.
हौसाबाई हलली नाही.
तेव्हा मला आठवलं, उशिरा,
तिचा थोरला. सात खलाशी. चौदा वर्षं.
वायरलेसवर शेवटचं कुणी म्हणतं दाभोळसमोर ऐकलं,
कुणी म्हणतं जयगडच्याही खाली.
रेशनकार्डावर त्याचं नाव अजून आहे,
तलाठ्याशी भांडून ठेवलेलं.

"चौथ्याचं नाव काय?"
माहीत नाही, म्हटलं.
"परत सोड बघू."

सोडलं. तीन तारे.
"परत."
तीन तारे, आणि खाली पाचवा,
तिसाव्या मिलिसेकंदाला, नेहमीसारखा हजर.

तिनं स्लिपा कमरेच्या बटव्यात कोंबल्या.
"बर्फ पाणी होतोय," म्हणाली,
आणि दारातनं मागं वळून स्क्रीनकडे
एकदा, टोपलीतला मासा ताजा की शिळा
बघावा तसं बघितलं.

मी बिलावर लिहिलं:
पोर्ट साफ केलं. जोडणी सुरू.
खिडकी बंद करायची राहिली.