माया

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला
आमच्या धंद्यात माया म्हणतात.
सासऱ्यांनी शिकवलं हे, इंदुरात, रामबागेतल्या दुकानात,
मी पहिलं झबलं बेतत होते तेव्हा:
"दोन बोटं माया ठेव.
कंजुषी गिऱ्हाइकाशी कर, वाढत्या अंगाशी नको."

रेणूच्या डाव्या डोळ्यात पांढरं दिसलं
ते काज करताना, मशीनच्या दिव्याखाली.
भिजलेल्या साबुदाण्याचा एक दाणा
आणि त्याच्यामागे कोणीच नाही.
फूल पडलंय, शेजारच्या खटावकरकाकू म्हणाल्या,
मध घाल.
मध मी घातला नाही. पण तीन महिने दुसरंही काही केलं नाही.
लग्नसराई होती, एकोणचाळीस ब्लाउज होते,
आणि मोतीबिंदू तर म्हाताऱ्यांचा,
अडीच वर्षांच्या पोरीला कसा होईल?
ते तीन महिने
अजून मला कुठल्याच शिवणीत दुमडता आलेले नाहीत.

डॉक्टर छाजेडबाईंनी कागदावर डोळा काढला, पेरूएवढा,
आणि टेबलावर ठेवलं भिंग, मसुराच्या डाळीएवढं.
आज मोजलं तर सव्वीस नंबर येतो, म्हणाल्या,
मी बावीसचं घालणार.
चार कमी?
मला वाटलं, सव्वीसचं महाग असेल,
आमचे कपडे बघून बोलायला लाजत असतील.
"आँख बढ़ेगी ना, बाई."
भिंग वाढत नाही, डोळा वाढतो.
आज अगदी मापात बसवलं
तर दहाव्या वर्षी ते चुकलेलं असेल.
म्हणून आज चुकवायचं, जेवढं चुकेल तेवढा चष्मा,
आणि मग डोळा आपला हळूहळू...
त्या शब्द शोधत होत्या.
मी म्हटलं, माया.
त्यांना वाटलं, मी पोरीबद्दल बोलतेय.

किती वाढेल ते मात्र त्यांनाही ठाऊक नाही.
तक्ते असतात. तक्त्यातलं पोर वेगळं, आपलं वेगळं.

सही करताना बोट ठणकत होतं, आदल्या रात्री सुई गेलेली.
रेणूला उचलून नेणाऱ्या नर्सच्या गाऊनची
शिवण काखेत उसवली होती.
दार लागेपर्यंत मी तेवढीच बघितली.

ऑपरेशन तासाभराचं.
पट्टीला अंत नाही.
चांगला डोळा रोज चार तास झाकायचा,
म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल.
कोणी समजवावं हे एवढ्याशा पोरीला,
की ज्यानं दिसतं तोच बांधायचा?
तिनं पट्टी ओढली, चावली, बादलीत बुडवली.
चिकटपट्टीबरोबर भुवईचे केस निघून आले.
मग मी चष्म्याच्या काचेला खोळ शिवली,
कुणाच्या तरी माहेश्वरीच्या उरलेल्या काठाची,
आतून काळं अस्तर.
ती लावून बसली, माझ्याकडे बघितलं,
म्हणाली, "आई, तू पुसली गेलीस."
मी मशीन थांबवलं नाही.
थांबवलं असतं तर तिला ऐकू आलं असतं.

परवा दिवेलागणीला, खोळ लावलेली असतानाच,
तिनं फरशीवरचा धागा उचलला.
दे बरं तो लाल, मी म्हटलं.
"लाल नाहीये. राणी आहे."
बाहेर ओट्यावर नेऊन बघितला.
राणीच.

चष्म्याचा नंबर चार होता, आता अडीच.
काल तिच्या फ्रॉकची तळाची दुमड उसवली, एक बोटभर.
खालून गडद निळा पट्टा निघाला,
ऊन न लागलेला, न विटलेला.
धुवून धुवून बाकीचा फ्रॉक आकाशी झालाय
हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आत अजून एक बोट आहे.
पुरेल का, ते आत्ता विचारू नका.