आहेत, होत्या

ओउलूच्या हीटिंग प्लांटमध्ये माझी रात्रपाळी.
दोन बॉयलर, अठरा काटे,
दर तासाला वहीत आकडे.
मधल्या वेळात मी ज्ञानकोशातलं एक पान राखतो:
मिर्या हालावा, पॉप गायिका.
कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असतं तर केलं नसतं.

तिचं एक गाणं देशाला पाठ आहे.
उरलेली मला.

जन्म १९६१, पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर.
जन्म १९५८, केमीच्या चर्चच्या नोंदवहीत.
या तीन वर्षांवरून मी आणि कोत्काचा एक दंतवैद्य
(टोपणनाव सारस सत्त्याहत्तर)
साडेचार महिने भांडलो.
तो रात्री अकराला बदलायचा,
मी सव्वाअकराला पूर्ववत करायचो.
चर्चापानावर इतका कीस पाडला
की दोघांचे मिळून शब्द
तिच्या सगळ्या गाण्यांतल्या शब्दांहून जास्त भरले.
मी मोजले.
शेवटी तह झाला: १९५८, कंसात १९६१.
तीन वर्षांचं तारुण्य
तिला कंसात मिळालं.

मग डिस्को की पॉप.
मग नवरे दोन की अडीच. हा दंतवैद्याचा विनोद,
तोही मी उडवला. संदर्भ नाही.

आणि दर मंगळवारी एक अनामिक.
नाव नाही, नुसता आकडा,
रौमाच्या सार्वजनिक वाचनालयातला कुठलासा कॉम्प्युटर.
एकच वाक्य आणून ठेवायचा:
‘आवाज बसल्यावरही सहा हिवाळे
ती तुर्कूच्या फेरीबोटीवर मंगळवारी गात असे.’
मी काढायचो.
पुढच्या मंगळवारी तेच वाक्य, तेवढंच,
कान्यामात्रेचा फरक नाही.
अकरा वेळा.
अकराव्यांदा संदर्भाच्या जागी त्याने लिहिलं:
मी ड्रम वाजवायचो.

मी नियम दाखवला.
स्वतः पाहिलेलं हा पुरावा नव्हे.
ऐकलेलं तर नाहीच.

बाराव्यांदा तो आला नाही.
किंवा आला असेल,
पानाला मी कुलूप लावलं होतं.

फेब्रुवारी, उणे एकोणतीस, पहाटेचे तीन बारा.
पहिल्या ओळीत एकच शब्द बदलला:
‘आहेत’चं ‘होत्या’.
बातमी कुठेच नव्हती.
हाताने सवयीने पूर्ववत केलं.
होत्या.
आहेत.
होत्या.
दंतवैद्य होता. म्हणाला, तिची भाची माझी पेशंट,
आत्ता फोन आला.
मी म्हणालो, फोन हा संदर्भ नव्हे.
आहेत.
मग बराच वेळ काही नाही. बॉयलरची घरघर.
मग चर्चापानावर त्याची एक ओळ:
राहू दे.
सकाळपर्यंत राहू दे.

अशी ती पावणेतीन तास जगली,
नियमाला धरून.
सहाच्या रेडिओनंतर
तो शब्द मी माझ्या हाताने बदलला.
जन्मसालापुढे दुसरं साल लिहिलं.
त्यावर वाद झाला नाही.

तिसऱ्या दिवशी पेपरात मृत्युलेख, पाऊण पान.
शेवटून दुसरा परिच्छेद:
आवाज बसल्यावरही सहा हिवाळे
ती तुर्कूच्या फेरीबोटीवर मंगळवारी गात असे.

शब्दाला शब्द तोच.
कुणा बातमीदाराने घाईत
आमच्याच पानाचं जुनं रूप उघडलं असणार,
माझ्या खोडण्याआधीच्या कुठल्यातरी दहा मिनिटांतलं.
आडात नाही, आडात नाही म्हणत बसलो
आणि पोहरा भरून समोर आला.

आता संदर्भ आहे. क्रमांक चौदा.
तो कुठून आला ते मला ठाऊक आहे,
दंतवैद्यालाही असणार.
वाक्य परत लावलं. तो काही बोलला नाही.

सोमवारी रात्री कुलूप काढलं.
मंगळवारी झोपलो नाही.
रौमाचं वाचनालय हिवाळ्यात चारला बंद होतं.
मी सहापर्यंत पान उघडं ठेवलं,
मग डबा भरून कामावर गेलो.