माया

गेटवर फोन ठेवला, कात्री ठेवली, टेपसुद्धा.
मग आतून कुणाचा तरी निरोप आला
की शिंप्याला टेप तरी असू द्या.

खडकी बाजारात चाळीस वर्षं वर्द्या शिवल्या.
परेडला माणूस उठून दिसावा म्हणून
खांद्याला बुकरम, काजाला दुहेरी टाका.
आणि इथं, पाषाणच्या टेकडीआड, थंडगार खोलीत
गोडांबे मॅडम म्हणाल्या,
"दस्तगीर मास्टर, हा दिसू नये असं शिवा.
आणि माया ठेवू नका. तिथं ऊब साठते."

कापड राखाडी, मांजराच्या कानाइतकं पातळ.
त्यांची कात्री तीनदा घसरली.
अंगावर घालायला बिरुदेव, ढालगावचा जवान:
छाती अडतीस, उजवा खांदा अर्धा इंच उतरता.
लहानपणी पाणी वाहिलं, म्हणाला.
गोष्टीत असली टोपी राक्षसाकडं असायची.
तिचं माप कुणी घेतल्याचं
मी तरी ऐकलं नव्हतं.

पडद्यावर खोली निळी,
बिरुदेव शेकोटीसारखा लाल.
त्यानं टोपी ओढली, चेन लावली
आणि खुर्ची तेवढी उरली.
संगणकावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम मात्र पडद्याला नाक लावून उभ्या.
काखेपासून कमरेपर्यंत
नारिंगी ठिपक्यांची ओळ उतरत होती.
माझे टाके.
सुई गेली तिथून तिथून
माणूस झिरपत होता.

"टाक्याशिवाय जोडता येईल, मास्टर?"
मग गोंदाचं बोलणं निघालं, उष्ण पट्टीचं, जर्मन यंत्राचं.
मी गळ्यात टेप घेऊन ऐकत राहिलो.
तेवढ्यात बिरुदेवला तहान लागली.
हातमोजा काढून, भिंतीला टेकून
तो पाणी प्यायला नि बाजूला झाला.
पडद्यावर भिंतीत पंजा राहिला,
करंगळी वाकडी.
पिवळा, हिरवट, मग भिंतीसारखाच निळा.
त्याची नोंद कुणी केली नाही.

निघताना कात्रणं तराजूत घातली.
दोन ग्रॅम कमी भरली.
सगळे वाकून शोधायला लागले,
आणि धागे माझ्याच बाहीला चिकटलेले निघाले.

गेटपर्यंत बिरुदेव सोबत आला, बनियनवर, घामेजलेला.
"चाचा, जत्रेला एक सदरा शिवाल?
जरा ढगळ."
म्हटलं, माप आहे माझ्याकडं.
खांदा लक्षात आहे.
दोन बोटं माया सोडतो आत,
अंगानं भरलास तर उसवून घे.